येझदीचं बीपी

“डॉक्टर, डिझेलचा वास येतोय का हो कुठून?” चूळ भरून झाल्यावर काकूंनी विचारलं.

शेजारी रंगकाम चाललंय, असं मी ठोकून दिलं. वास माझाच होता. हातात एकावर एक दोन ग्लोव्हज चढवले होते, कारण आतली नखं काळीकुट्ट होती. गिअर ऑइल आणि वीस वर्षांचा कार्बन मिळून जो काळेपणा होतो, तो हँडवॉशनं जात नाही. लिंबू-साखरेनं थोडा जातो, भांड्याच्या पावडरीनं जातो पण कातडीही जाते. हे ज्ञान मला चाळिसाव्या वर्षी मिळालं.

मी दातांची डॉक्टर. कोल्हापुरात राजारामपुरीत खाली दवाखाना, वर घर, आणि जिन्याखाली आण्णांची १९७७ ची येझदी मोटरसायकल. आण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात होते. तुळशी, राधानगरी, काळम्मावाडी, सगळीकडची कामं त्यांनी या गाडीवरून फिरून बघितली. आमच्या शेजाऱ्यांना घड्याळ लागायचं नाही, संध्याकाळी कॉर्नरला दोन सायलेन्सरचा तो भरलेला आवाज आला की सात वाजले.

कुणी तिला ‘जावा’ म्हटलं की आण्णा दुरुस्त करतात. मुळात वंश एकच. यानेचेक या झेक माणसाचं नाव आणि वांडरर ही जर्मन कंपनी, दोन्हींची पहिली अक्षरं जोडून १९२९ साली ‘जावा’ झालं. रुस्तम आणि फारुख इराणी यांनी १९६० मध्ये म्हैसूरला आयडियल जावा काढली, १९६१ पासून तिथल्या यादवगिरीच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढं सत्तरच्या दशकात टाकीवर ‘येझदी’ आलं, इराणमधल्या याझ्द शहरावरून. कारखाना १९९६ ला बंद पडला. म्हणजे आमची गाडी चालू होती तेव्हाच तिचं माहेर गेलं होतं.

२००३ च्या मे महिन्यात गगनबावड्याच्या रस्त्यावर, असळजच्या पुढं, चढाला इंजिन एकदम आवळलं. आण्णांनी क्लच दाबला म्हणून पडले नाहीत. थंड झाल्यावर किक फिरली, गाडी चालूही झाली, पण पोटातून खडखड यायला लागली. डब्यात खडे घालून हलवावे तशी. टेम्पोत घालून घरी आणली आणि जिन्याखाली लावली. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत म्हणत त्या गाडीवर काय काय येऊन बसलं! २०१९ च्या महापुरात शाहूपुरीची मावशी आमच्याकडं राहायला आली, तेव्हा तिच्या चार गाद्या सीटवर रचल्या होत्या. त्यातली एक अजून आमच्याकडंच आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत आण्णांनीच भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं साडेसहा हजार सांगितले. आण्णा “सात दे आणि ने” म्हणाले. मी वरून ऐकत होते. खाली आले आणि म्हटलं, “दात काढायच्या आधी निदान एक्स-रे तरी काढतात आण्णा. उघडून बघू या.”

“कोण उघडणार?”

“मी.”

भंगारवाला हसला. आण्णा हसले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, “पान्हे आहेत का तुझ्याकडं?”

नव्हते. पण एका गोष्टीचा मला भरवसा होता. छोट्या, अंधाऱ्या, ओल्या जागेत आरशातून बघत मिलिमीटरच्या भागांचं काम करणं हाच माझा धंदा आहे. येझदीचं इंजिन निदान हलत नाही, लाळ गाळत नाही आणि मध्येच फोन घेत नाही.

*

खोलणं सोपं असतं, सगळे सांगतात. ते खोटं आहे. इंजिन फ्रेममधून उतरवायला मी, माझा कंपाउंडर आणि वरच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा पोरगा, तिघं लागलो. प्रत्येक बोल्ट निघाला की त्याचा फोटो काढायचा आणि हत्यारं निर्जंतुक करायच्या कागदी पिशव्यांमध्ये घालून वर पेननं लिहायचं. ‘डावं कव्हर, वरून दुसरा, लांब.’ या पिशव्यांनी मला नंतर फार वाचवलं. आण्णा खुर्ची टाकून बसायचे आणि मी चुकीच्या मापाचा पान्हा उचलला की घसा खाकरायचे. बोलायचे नाहीत.

हेड आणि सिलेंडर उतरवला. पिस्टनच्या डोक्यावर काळा, तेलकट, जाड थर. मी इतका कार्बन कधी बघितला नव्हता, पण दातांवरचा टार्टर बघितला आहे, आणि हात आपोआप तो खरवडायच्या हत्याराकडं, स्केलरकडं गेला. पिस्टनभोवतीच्या रिंगा खोबणीत पार चिकटल्या होत्या. एक निघताना तुटली. मी स्केलरनं खोबण खरवडायला घेतली तसे आण्णा पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

“ते स्टील आहे! पिस्टन ॲल्युमिनियमचा. ओरखडा पडला की तिथून दाब जाणार. ती तुटलेली रिंग घे, तिनंच खरवड.”

तुटक्या रिंगचं टोक त्या खोबणीत अगदी बरोब्बर बसतं, कारण ती तिचीच जागा असते. तसा तो पिस्टन पुढं वापरायचा नव्हताच, त्याच्या कडेवर बोटाएवढे उभे ओरखडे होते, असळजच्या चढाचे. पण खोबण साफ केल्याशिवाय नक्की काय झालंय ते दिसणार नव्हतं. आणि आण्णा बोलायला लागले होते.

मग कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा दांडा, हातात धरून वर-खाली हलवला. हलायलाच नको होता. टक्, टक् असा स्पष्ट खेळ होता. खडखडीचा पत्ता लागला, रॉडच्या खालच्या टोकाचं, बिग एंडचं बेअरिंग गेलं होतं. आता इंजिनाचं बाहेरचं कवच, म्हणजे केस, उघडून क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्यानं फिरणारा आस, बाहेर काढणं आलं.

टू-स्ट्रोकचं एक मर्म आहे, ते न कळता मी महिनाभर त्याच्यावर काम करत होते. या इंजिनाला व्हॉल्व्ह नाहीत. पिस्टन वर जातो तेव्हा खाली, क्रँकच्या पोकळीत, पोकळी वाढते आणि कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल आत ओढलं जातं. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर ढकललं जातं. थोडक्यात, इंजिनाचा खालचा भाग म्हणजे लोहाराचा भाता. आणि भात्याला भोक पडलेलं चालत नाही. क्रँकची दोन टोकं केसच्या बाहेर जातात. डावीकडं प्रायमरी चेन आणि क्लच, तिथं तेल असतं. उजवीकडं डायनॅमो आणि ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट, ती बाजू कोरडी. दोन्हीकडं भात्याचं तोंड बंद ठेवायचं काम करतात दोन रबरी ऑइल सील. शंभर-दोनशे रुपयांच्या दोन चकत्या.

डाव्या टोकाचा स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, निघेना. निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो, ओढायला पुलर लागतो, आणि हातोडी मारली तर क्रँक वाकते. उद्यमनगरमध्ये एका लेथवाल्या मामांकडं गेले. दुकानाला पाटी नाही, दारात एक मांजर आणि लोखंडाचा कीस. मामांनी स्प्रॉकेटचा फोटो बघितला, माप विचारलं, माझ्याकडं बघून म्हणाले, “उद्या या.” दुसऱ्या दिवशी पुलर तयार. दोनशे रुपये. हे कोल्हापुरातच होतं. दुसऱ्या कुठल्या गावात हे पुलर मी तीन आठवडे शोधत बसले असते.

स्प्रॉकेट निघाला, त्यामागचं सील दिसलं. चिंचेच्या टरफलासारखं कडक झालेलं, आणि ओठाला, म्हणजे क्रँकला टेकणाऱ्या नाजूक कडेला, आरपार चीर.

मी ते टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ बघत बसले.

*

आमच्याकडं पेशंट येतो आणि वरच्या दाढेवर बोट ठेवतो. “ही काढा.” वरची दाढ ठणठणीत असते. कीड खालच्या अक्कलदाढेत असते, शीर एकच, म्हणून दुखणं वर जाणवतं. नवा डॉक्टर असेल तर वरची दाढ उकरून बसतो.

१९९८ च्या सुमाराला गाडी पांढरा धूर सोडायला लागली होती, हे मलाही आठवतं. कॉलेजला सोडायला आण्णा आले की पोरं खोकायची. तेव्हा एका गॅरेजवाल्यानं सांगितलं होतं, पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडतंय, कमी करा. दुसऱ्यानं कार्बोरेटर बदलायला सांगितला. तिसऱ्यानं रिंगा घातल्या. धूर तसाच. त्याच काळात गिअरबॉक्समधलं ऑइलही कमी व्हायचं, तर ते ‘पॅकिंगमधून गळतंय’ असं ठरलं होतं. जमिनीवर कधी थेंब दिसला नाही, याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

गळत नव्हतंच. भाता ते पीत होता. डाव्या सीलच्या चिरेतून पिस्टनच्या प्रत्येक फेरीला गिअर ऑइल आत ओढलं जात होतं आणि सायलेन्सरमधून पांढरं होऊन बाहेर पडत होतं.

इथपर्यंत एकवेळ ठीक. पुढचा भाग मामांनी सांगितला. क्रँक घेऊन मी परत त्यांच्याकडं गेले होते. प्रेसवर क्रँकची दोन चाकं सुटी केली, मधली पिन निघाली. पिनीवर बोट फिरवलं तर खाचा लागत होत्या, निळसर रंग चढला होता.

“ताई, ही पिन तापलीय. ऑइल कमी घातलंय कुणी तरी.”

“पण हे इंजिन तर ऑइल पीत होतं मामा.”

“पितंय तोवर पितंय. गिअरचं ऑइल संपल्यावर काय पिणार? हवा.”

मी तिथंच स्टुलावर बसले. चित्र पूर्ण झालं होतं. त्या दिवशी गिअरबॉक्समधलं ऑइल सीलच्या खाली गेलेलं असणार. मग त्याच चिरेतून तेलाऐवजी हवा आत गेली. मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त, म्हणजे इंजिन तापणार. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलमधूनच येतं, म्हणजे पेट्रोल कमी तर वंगणही कमी. त्यात मुळातच ऑइल कमी घातलेलं. आणि वर मे महिना आणि चढ.

घरी येऊन आण्णांना विचारलं, “पेट्रोलमध्ये ऑइल किती घालत होता?”

“लिटरला चाळीस मिली. पहिल्यापासून. येझदीचं तेच आहे.” त्यांनी वर्तमानपत्र उलटलं. “त्यात कधी बदल केला नाही.”

बरं म्हटलं.

आण्णांच्या सरकारी डायऱ्या माळ्यावर आहेत. प्रवास भत्त्याच्या बिलासाठी ते प्रत्येक फेरीचे किलोमीटर आणि पेट्रोल लिहायचे, अक्षर मोत्यासारखं. एका रविवारी मी ट्रंक खाली काढली. १९९७: ‘पेट्रोल ५ लि., ऑइल २०० मिली.’ १९९९ च्या जूनपासून: ‘पेट्रोल ५ लि., ऑइल १०० मिली.’ पुढं २००३ पर्यंत प्रत्येक पानावर शंभर.

ट्रंक परत वर ठेवली. २००३ ची डायरी तेवढी माझ्या दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये आहे.

*

मामांनी क्रँक जुळवली ते बघण्यासाठी मी अपॉइंटमेंटा पुढं ढकलल्या. नवा रॉड, नवी पिन, नवे रोलर, हे सगळं किट पुण्याहून कुरिअरनं आलं होतं. प्रेसवर दोन्ही चाकं पिनीवर दाबून बसवली. माझ्या मते काम झालं. मामांच्या मते ते तिथून सुरू होत होतं.

त्यांनी क्रँक लेथच्या दोन सेंटरमध्ये धरली आणि टोकावर डायल गेज टेकवला. हळूहळू फिरवली. काटा डावीकडं गेला, उजवीकडं गेला. शिशाची हातोडी घेतली आणि एका चाकाच्या कडेवर एक ठोका मारला. फिरवली. काटा. पुन्हा ठोका, या वेळी दुसऱ्या बाजूला, हलका. मला वाटलं अंदाजपंचे चाललंय. पण ठोका कुठं मारायचा हे ते काट्याकडं बघून ठरवत होते, आणि किती जोरात हे कशाकडंही न बघता. पाऊण तास. मध्ये चहा आला, तो गार झाला.

“बगा.” मी वाकले. काटा दोन रेघांच्या आत थरथरत होता. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. “केस यापेक्षा जाड असतोय.”

मी क्राउन बसवताना कार्बन पेपर चावायला देते, निळा ठिपका बघते, अर्धा केस घासते, परत चावायला देते. मला वाटायचं हे फक्त आम्हालाच येतं. मामांची शाळा सातवीपर्यंत.

सिलेंडरचं बोअरिंगही त्यांच्याच ओळखीच्या दुकानात. मूळ बोअर, म्हणजे आतला व्यास, पासष्ट मिलिमीटर. रिंगा बदलल्या तेव्हा कुणी तरी पिस्टनही पाव मिलिमीटर मोठा घातला होता. ओरखडे जाण्यासाठी आता आणखी पाव. नवा पिस्टन आधी हातात दे, मग बोअर करतो, असं बोअरिंगवाल्यानं बजावलं, कारण पेटीवर लिहिलेलं माप आणि आतला पिस्टन यांचं दरवेळी जमतंच असं नाही. त्यानं पिस्टन मोजला आणि तीन थाऊ जागा सोडून बोअर केला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. या गल्लीत मिलिमीटर फक्त बिलावर चालतो.

जोडणीच्या आदल्या रात्री दोन्ही नवी मेन बेअरिंगं फ्रीजरमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी. सकाळी केसचे अर्धे भाग गॅसवर, लोखंडी तव्यावर, मंद आचेवर. पाण्याचा थेंब टाकला की नाचला पाहिजे. ॲल्युमिनियम तापून फुगतं, बेअरिंग गारठून आकसतं, आणि मग ते जागेवर टप्पकन पडतं. हातोडी लागतच नाही. पहिलं पडलं तेव्हा मी ओरडलेच. आईनं तवा परत वापरायला नकार दिला. तो आता माझा आहे.

क्लचच्या कॉर्कच्या प्लेटा, गिअर, त्या किकची स्प्रिंग (येझदीत किक आणि गिअर एकच दांडी, आत दाबून वर फिरवली की किक, नाही तर गिअर), हे सगळं आण्णांनी सांगितलं तसं बसवत गेले, त्यात विशेष काही घडलं नाही. सायलेन्सरची आतली नळी कॉस्टिक सोड्यात दोन दिवस. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर.

राहिलं उजवं सील. संध्याकाळी पावणेपाच. पाचला रूट कॅनॉलचा पेशंट. क्रँकच्या त्या टोकाला चावीसाठी खाच आहे, डायनॅमो घसरू नये म्हणून. आण्णा म्हणाले, “थांब, टोकाला कागद गुंडाळ, मग सील सरकव.” मी म्हटलं, “सरकतंय आण्णा.” आणि सरकवलं. सरकलंही.

*

रविवारी सकाळी सगळी गल्ली जमली होती. कुणी सांगितलं कुणास ठाऊक. पाचव्या किकला इंजिन पेटलं. वीस वर्षांनी. आई जिन्यात उभी होती, तिनं कानावर हात ठेवले. आण्णा उठून उभे राहिले.

पंधरा सेकंद सगळं छान होतं. मग ॲक्सिलरेटर सोडलेला असताना आवाज आपोआप चढायला लागला. वर, अजून वर. कुणी तरी टाळ्या वाजवत होतं. मी हेडलाइटवरची चावी फिरवून बंद केलं. हात थरथरत होते. परत चालू केलं, परत तेच.

मी काय केलं? कार्बोरेटर उघडला. साफ केला. जेट फुंकला. परत उघडला. दुसऱ्या रविवारी नवी सुई घातली. तिसऱ्या रविवारी केबल बदलली. गल्लीतल्या सल्लागारांची संख्या रोज वाढत होती आणि सगळ्यांचं बोट कार्बोरेटरवरच होतं. ज्या गॅरेजवाल्यांना मी मनातल्या मनात महिनाभर नावं ठेवत होते, त्यांच्याच रांगेत मी येऊन उभी राहिले होते, हे ध्यानात यायला मला तीन आठवडे लागले. त्यातही एका बाईंचं बीपी तपासताना.

दात काढण्याआधी मी बीपी बघते. पट्टा बांधला, फुगा दाबला, काटा वर चढला, आणि तसाच खाली आला. पट्ट्याची नळी ढिली होती. हवा जात होती. मी नळी घट्ट केली, परत फुगा दाबला, आणि काट्याकडं बघत राहिले. बाई म्हणाल्या, “जास्त आहे का हो?”

“नाही, नाही. तुमचं उत्तम आहे.”

त्या रात्री दवाखाना बंद केल्यावर एक जुना स्पार्क प्लग घेतला, त्यातली चिनी माती फोडून काढली आणि त्या पोकळीत बीपीच्या यंत्राची नळी गच्च बसवली. पिस्टन अगदी खाली आणला, म्हणजे वरची आणि खालची पोकळी एक होते. बाहेर जायच्या दोन वाटा आणि आत यायची एक, या तिन्हींची तोंडं बंद करायला पाहिजेत. त्यासाठी माझ्याकडं कुठल्याही गॅरेजात नसलेली चीज होती, दातांचे ठसे घ्यायची सिलिकॉनची पुट्टी. मळून दाबून बसवली, चार मिनिटांत कडक रबर. वरून पट्टी आवळली, नाही तर बंदुकीच्या गोळीसारखी उडेल.

फुगा दाबला. काटा अडीचशेवर नेला. सोडला. दहा सेकंदांत शून्य.

डायनॅमो उतरवला, साबणाचं पाणी ब्रशनं सगळ्या सांध्यांवर लावलं आणि परत फुगा दाबला. केसचा जोड शांत. सिलेंडरचा तळ शांत. डावं सील शांत. उजव्या सीलपाशी, क्रँकच्या कडेला, एक बुडबुडा फुगला, फुटला, लगेच दुसरा. लहान मुलाच्या तोंडून येतात तसे.

सील काढून भिंगाखाली धरलं. ओठाला एक बारीक चीर, बरोबर चावीच्या खाचेच्या रुंदीची. पावणेपाच वाजता मीच पाडलेली.

वर जाऊन आण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा चढवला, सील दिव्याकडं धरून बघितलं, आणि “हं” म्हणाले. एवढंच. कागद गुंडाळायचं बोलले नाहीत. मी मात्र त्या ‘हं’ची वाट बघत होते त्यापेक्षा जास्त वाट दुसऱ्या वाक्याची बघत होते, ते आलं नाही.

नवं सील घातलं तेव्हा टोकाला कागद गुंडाळला, त्यावर ग्रीस लावलं, आणि त्या दिवशी संध्याकाळी एकही अपॉइंटमेंट ठेवली नाही. परत फुगा. अडीचशे. पाच मिनिटांनी दोनशे चाळीस. आण्णांनी शेजारी बसून मनगटावरच्या घड्याळात वेळ लावली होती. “माझ्यापेक्षा बरं आहे,” ते म्हणाले. त्यांना बीपीची गोळी चालू आहे.

बिलांची बेरीज अठरा हजारांच्या आसपास गेली, त्यात तीन वेळा उगाच उघडलेल्या कार्बोरेटरची पॅकिंगं धरलेली नाहीत. शिवाय एक बीपीचं यंत्र, कारण जुन्याच्या नळीला आता पेट्रोलचा वास येतो आणि ते पेशंटच्या दंडाला बांधणं बरं दिसत नाही.

पहिली फेरी रंकाळ्याची ठरली. नवा बोअर आहे, पाचशे किलोमीटर पन्नाशीच्या आत चालवायची, चढ नको. टाकी रिकामी होती. पाच लिटरच्या कॅनमध्ये पेट्रोल आणलं, टूटीची, म्हणजे टू-स्ट्रोकच्या ऑइलची, बाटली आणली. पूर्वी पंपावरच ऑइल मिसळून द्यायचे, आता आपलं आपण घालायचं. मापाला दवाखान्यातली पन्नास मिलीची सिरिंज घेतली आणि आण्णांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा पुसला. पन्नासच्या रेघेपर्यंत भरली, कॅनमध्ये सोडली. दुसरी. तिसरी. चौथी. दोनशे झाले. मी कॅन उचलायला हात पुढं केला. त्यांनी सिरिंज परत बाटलीत बुडवली, अर्धी भरली, दिव्याकडं धरून बघितली आणि तीही सोडली.

“असू दे थोडं जास्त,” ते म्हणाले.

मी झाकण लावलं आणि कॅन हलवायला घेतला.